गंगारामाच्या दुकानांतला चहा

शास्त्रभाग : गलतीकरांस पत्र, अध्याय २, वचनें ११ ते १४

अंत्युखियांतील ह्या प्रसंगाचें मूळ जेवणाच्या पंगतींत आहे, हें पाठ घेणाऱ्या उपदेशकांनीं मंडळीस आरंभींच समजावून द्यावें. पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवीत असे. पुढें याकोबाकडचीं माणसें आलीं, तेव्हां लोक काय म्हणतील ह्या भयानें तो मागें सरला. तोंडची शिकवण तीच राहिली, ताट मात्र हललें. आणि एवढ्यासाठींच पौलानें त्यास सर्वांदेखत दोष दिला.

हा भाग आमच्या देशींच्या उदाहरणानें अधिक स्पष्ट व्हावा म्हणून करवीरचे शाहू छत्रपति ह्यांचें चरित्र आम्ही येथें घेतों. ते ख्रिस्ती नव्हते. परंतु परकीय राजा कोरेश ह्याच्या हातून देवानें आपलें कार्य करविलें असें यशया सांगतो, तेव्हां न्यायी राजाचें नांव मंदिरांत काढण्यास कोणी संकोच करूं नये.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजीं कागलच्या घाटगे घराण्यांत झाला. १८८४ सालीं ते कोल्हापूरच्या गादीस दत्तक गेले व २ एप्रिल १८९४ रोजीं राज्याधिकार त्यांच्या हातीं आला. १८९९ सालीं पंचगंगेवर स्नानाच्या वेळीं उपाध्याय वेदोक्त सोडून पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचें त्यांस कळलें. कारण विचारतां, महाराज शूद्र आहेत, असें उत्तर मिळालें! ज्याचें इनाम खावें त्याच राजाला हीन लेखावें, असा हा धर्म.

आपला वेदोक्ताचा हक्क मिळवून पुष्कळ जण स्वस्थ बसले असते. वरून झालेला अपमान मनुष्यास लागलीच समजतो. आपण खालच्याचा करितों तो समजण्यास फार वेळ लागतो. महाराजांच्या स्वतःच्या मराठा मंडळींचें तेंच होतें. राजवाड्याच्या पागेंत गंगाराम कांबळे नांवाचा महार नोकर होता. मराठ्यांच्या हौदाच्या पाण्यास तो शिवला म्हणून त्यास मराठा नोकरांनीं बेदम मारिलें. महाराजांनीं मारणाऱ्यांस कडक शिक्षा केली, आणि गंगारामास भांडवल देऊन शहरांत चहाचें दुकान घालून दिलें. दुकान निघालें तरी महाराच्या हातचा चहा पिणार कोण? महाराजांनीं स्वतः दुकानासमोर गाडी उभी करून चहा मागविला, आपण घेतला व बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींसही घ्यावयास लाविला, असें सांगतात. बरोबरच्यांनीं तो धाकानेंच घेतला असेल. तरी रस्त्यावरच्या लोकांनीं तो पाहिला, आणि पेत्राच्या उलट हें झालें.

हाच न्याय त्यांच्या कारभारांतही दिसतो. राज्याच्या ७१ अधिकारपदांपैकीं ६० ब्राह्मणांकडे होतीं. महाराज विलायतेस असतांना २६ जुलै १९०२ रोजीं हुकूम निघाला, कीं पुढें रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० मागासलेल्या वर्गांस द्याव्या. १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें झालें. १९१८ सालीं महारवतन मोडून त्या जमिनी रयताव्यानें दिल्या, म्हणजे गांवकीच्या राबणुकीची बेडी तुटली. १९१९ सालीं सरकारी विहिरी, धर्मशाळा, दवाखाने व शाळा अस्पृश्यांस खुल्या झाल्या. आणि ज्या अंमलदारास त्यांच्याशीं समतेनें वागणें रुचत नसेल त्यानें सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्यास पेन्शन मिळणार नाहीं, असें बजाविलें. पेन्शनचें कलम आम्हांस फार मार्मिक वाटतें. पुढें मार्च १९२० मध्यें माणगांवच्या परिषदेस महाराज स्वतः गेले, तेथें डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते. ६ मे १९२२ रोजीं, ४७ व्या वर्षीं, त्यांचा मुंबईस अंत झाला.

आतां हा पाठ आपल्या घरांत आणिला पाहिजे. आमच्या अनेक मंडळ्यांतील वाडवडील महारवाड्यांतून आले, कांहीं मांगवाड्यांतून, थोडे कुणबी व इतर. पाटलाच्या ओट्याखालीं बसण्याचें दुःख आम्हांस आजोबांनीं सांगितलें आहे. मग महारवाड्यांतून आलेलें ख्रिस्ती कुटुंब मांगवाड्यांतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबाच्या माठांतलें पाणी मोकळ्या मनानें घेतें काय? प्रभुभोजनाच्या मेजाशीं शेजारीं उभे राहणारे दोघे लग्नाच्या मांडवांत एकाच ओळींत बसतात काय? सोयरीक निघाली म्हणजे वधूवरांच्या विश्वासाची चौकशी आधीं होते, कीं जुन्या वाड्याची? हे प्रश्न उपासनेंत कोणाचें नांव घेऊन विचारूं नयेत. तेणेंकरून मनें बंद होतात. पंचांच्या बैठकींत मात्र ते अवश्य काढावे. उपदेशकाचें पोट ज्या मोठ्या घराच्या वर्गणीवर चालतें, त्याच घराविषयीं प्रश्न असला तर त्याची जीभ अडखळेल, हें आम्ही जाणतों. म्हणून असें काम एकट्या उपदेशकावर न टाकितां पाळकानें त्या दिवशीं गांवीं जाऊन बैठकींत स्वतः बसावें.

पुढील पाठ कर्नेल्याच्या घरचा आहे : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १०. मंडळीनें तो घरीं वाचून यावें, व ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस शेजाऱ्यानें वाचून दाखवावा.