घोट्याने शिकवलेला धडा

जुलैमध्ये क्रॉस कंट्रीच्या सरावात माझा उजवा घोटा मुरगळला. एम. आय. रूममधून तीन आठवडे पी. टी. बंद अशी चिठ्ठी मिळाली. दहाव्या दिवशी सूज उतरली, म्हणून कोणाला न विचारता मी दोन किलोमीटर धावलो. संध्याकाळी घोटा पुन्हा सुजला.

तेव्हा डॉक्टरांनी समजावले. स्नायूंना रक्तपुरवठा भरपूर, म्हणून ते लवकर भरून येतात. हाडे जोडणाऱ्या अस्थिबंधांना तो कमी. दुखणे थांबले तरी ते आतून कच्चेच असतात.

मग मी वहीत तक्ता आखला. आधी दात घासताना एका पायावर ३० सेकंद उभे राहणे. त्याने तोल परत येतो. पुढे टाचा उचलणे, १० वरून २० वेळा. मग चालणे. शेवटी १ मिनिट धावणे, २ मिनिटे चालणे, असे सहा वेळा. दर आठवड्याला धावण्यात फक्त ३० सेकंदांची वाढ. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखले, तर वाढ रद्द.

आंतर-हाऊस स्पर्धा हुकली. हाऊसची मुले धावताना मी कडेने चालत होतो, त्याची लाज वाटायची. मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. १९७२ मध्ये त्यांनी पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. पूर्वी मला फक्त पदक दिसायचे, आता मधली सात वर्षे दिसतात.

परवा मी सलग ५ मिनिटे धावलो. काल सकाळी घोटा दुखला नाही. तक्त्यात ३० सेकंद वाढवले आहेत.