युगांडाला निघालेल्या पुतणीस

धुळे

चि. सायलीस,


तुझ्या विद्यापीठाने तुला युगांडात सर्जरी शिकवायला पाठवायचं ठरवलं, हे वाचून ऊर भरून आला. निघण्याआधी एक सांगतो. तिथे तू किती ऑपरेशनं केलीस, हे मोजू नकोस. तू परतल्यावर तिथले डॉक्टर किती करतात, ते मोज.

जगातल्या पाच अब्ज लोकांना सुरक्षित, परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही, असं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2015 मध्ये सांगितलं. पाहुण्या सर्जननी ही तूट भरून निघायची नाही. पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेचं सर्जन महाविद्यालय 1999 साली निघालं. ते तिथल्याच रुग्णालयांत सर्जन घडवतं. 2007 पासून आयर्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची त्याला साथ आहे. त्या भागात तयार झालेले सुमारे 85 टक्के सर्जन शिकले त्याच देशात राहिले. म्हणून शिकाऊ डॉक्टर अडखळला तरी लगेच चाकू हाती घेऊ नकोस. टेबलाच्या पलीकडे उभी राहून त्याला असिस्ट कर.

आपल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर तुला ठाऊक आहेत. हर्नियाची महागडी जाळी गरिबाला परवडेना, म्हणून त्यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. पुढे स्वीडन आणि युगांडाच्या डॉक्टरांनी मिळून पूर्व युगांडात अशाच कापडाची चाचणी घेतली. 302 पुरुषांपैकी निम्म्यांना बाजारातली जाळी, निम्म्यांना एक डॉलरहून स्वस्त असलेली मच्छरदाणीची जाळी. वर्षभराने दोन्हींचे निकाल जवळपास सारखे आले आणि 2016 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने ते छापले. अडचण गरीब रुग्णाची, युक्ती ग्रामीण भागातल्या डॉक्टरची आणि काटेकोर तपासणी दोन देशांच्या विद्यापीठांची. भागीदारी म्हणतात ती हीच.

तेव्हा संशोधनाचा विषय इथून ठरवून नेऊ नकोस. तिथल्या सिस्टरला, भूलतज्ज्ञाला विचार. पल्स ऑक्सिमीटरचा प्रोब तुटला तर सुटा मिळतो का? ऑटोक्लेव्ह बंद पडला तर दुरुस्त कोण करतं? देणगीतलं यंत्र मागवण्याआधी या प्रश्नांची उत्तरं मिळव. आणि शोधनिबंध लिहाल तेव्हा रात्री जागून रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या तिथल्या डॉक्टरचं नाव आधी घाला, तुझं मागून आलं तरी चालेल.

पोचल्यावर सविस्तर लिही. तिथल्या सहकाऱ्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
काका