तद्विद्यसंभाषेचे नवे रूप : गुळवेलीच्या निमित्ताने काही विचार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शास्त्रज्ञान दृढ होण्याचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशातील भ्रमणध्वनीवर हे तिन्ही उपाय चोवीस तास उपलब्ध आहेत. संगणकीय जाळ्यामुळे वैद्याच्या शिक्षणात काय साधले आणि काय निसटले, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात गुळवेल या एकाच नित्यपरिचित द्रव्याच्या आधारे करीत आहोत.

अध्ययन सुलभ झाले

केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेच्या हैदराबाद येथील संस्थेने चरक, सुश्रुत, माधवनिदान तसेच निघंटुग्रंथ शोधसुविधेसह संगणकावर आणले. निर्णयसागरच्या जुन्या आवृत्तीची पाने उलटण्यात ज्या कामी एक संपूर्ण दुपार जात असे, ते काम आता क्षणात होते. ग्रामीण भागातील वैद्याला ग्रंथालयाची उणीव पूर्वीइतकी भासत नाही. हा लाभ लहान नव्हे.

मात्र यंत्र अक्षरे शोधते, अर्थ शोधत नाही. ‘गुडूची’ हा शब्द शोधला तर छिन्नरुहा, वत्सादनी, मधुपर्णी या नावांनी आलेले संदर्भ हाती लागत नाहीत. उलट ‘अमृता’ शोधले तर गुळवेलीसोबत हरीतकीही पुढे येते. कारण भावप्रकाशात हरीतकीच्या सात प्रकारांपैकी एकाचे नाव अमृता आहे. त्या स्थळी कोणते द्रव्य अभिप्रेत आहे हे प्रकरण, सहचर द्रव्ये आणि टीका पाहूनच ठरते. म्हणजे ज्याने पर्याय आधी पाठ केले आहेत, त्यालाच या सुविधेचा पूर्ण उपयोग होतो. पाठांतराचे दिवस संपले, असे म्हणणाऱ्यांनी याचा अवश्य विचार करावा.

संभाषा विस्तारली, परिषद अदृश्य झाली

चरकाचार्यांनी संभाषेचे संधायसंभाषा आणि विगृह्यसंभाषा असे दोन भेद सांगितले आहेत. ज्ञानसंपन्न, अक्रोधी आणि समजावून सांगण्यास समर्थ अशा तद्विद्यासह मोकळेपणाने करावी ती पहिली. दुसरीत उतरण्यापूर्वी प्रतिवादीची व परिषदेची परीक्षा करावी, असा त्यांचा स्पष्ट आदेश आहे. व्हॉट्सॲपवरील वैद्यसमूहात नेमकी ही परीक्षाच होत नाही. उत्तर देणारा पंचवीस वर्षांचा अनुभवी चिकित्सक आहे, की कालच कुणाचा तरी संदेश पुढे ढकलणारा आहे, हे अक्षरांवरून कळत नाही. एकच मजकूर दहा समूहांतून आला की तो दहा जणांचा अनुभव वाटू लागतो. वस्तुतः तो एकाचाच असतो, आणि कित्येकदा कुणाचाच नसतो.

गुळवेलीचा धडा

2020 साली कोविडच्या साथीत गुळवेलीचे नाव घराघरांत पोहोचले. आयुष मंत्रालयाच्या ऑक्टोबर 2020 च्या चिकित्साविषयक मार्गदर्शनात गुडूची घनवटीचा समावेश होता. परंतु मात्रा, काल व रुग्णबल यांचा विचार गळून पडून केवळ ‘रोज गुळवेल घ्या’ एवढाच संदेश भ्रमणध्वनींवरून फिरत राहिला. लोकांनी अंगणातील, कुंपणावरील, रस्त्याकडेची वेल आणून काढे केले.

2021 साली मुंबईतील यकृतरोगतज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतविकार झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. 2022 मध्ये 13 केंद्रांतील 43 रुग्णांचा अभ्यास आला. सेविलेली वनस्पती खरी गुळवेलच होती याची निश्चिती आवश्यक आहे आणि टिनोस्पोरा क्रिस्पा या सदृश वेलीशी गल्लत होऊ शकते, अशी भूमिका आयुष मंत्रालयाने घेतली.

या आक्षेपात तथ्य आहे. पण तेवढ्यावर आपण निर्धास्त होणे योग्य नव्हे. नोंदलेल्या रुग्णांत स्वयंप्रतिकारक यकृतशोथासारखी लक्षणे दिसली होती. तेव्हा द्रव्य शुद्ध असले तरी प्रकृती, पूर्वव्याधी, मात्रा आणि सेवनकाल यांचा प्रश्न उरतोच. शिवाय ‘वनस्पती चुकीची असेल’ हे उत्तर द्यायचे, तर योग्य वनस्पती ओळखण्याचे दायित्व कुणाचे? ते तुमचे-आमचेच.

छायाचित्र कोठवर पुरते?

आयुर्वेदीय फार्माकोपियाच्या पहिल्या भागाच्या पहिल्या खंडातील वर्णनानुसार गुळवेलीचे कोवळे कांड हिरवे, गुळगुळीत व पेरांशी फुगीर असते. जून कांड फिकट तपकिरी असून त्यावर वल्करंध्रांमुळे उंचवटे दिसतात. क्रिस्पाच्या कांडावर ठळक गाठी असतात. आता जून गुळवेलीचे उंचवटे आणि क्रिस्पाच्या गाठी यांतील भेद लहानशा पडद्यावरील एका छायाचित्रात कसा कळावा? टिनोस्पोरा सायनेन्सिसच्या पानाची खालची बाजू लवयुक्त असते. ती बोटाला कळते, वरून काढलेल्या चित्रात दिसत नाही. फळ पाहावे म्हटले तर नर व मादी वेली वेगवेगळ्या असल्याने प्रत्येक वेलीवर ते मिळेलच असे नाही. आडव्या छेदातील चाकाच्या आऱ्यांसारखी रचना पाहण्यासाठी सुरी आणि भिंग हवे. चव पाहण्यासाठी जीभ हवी. यांपैकी काहीही जाळ्यातून येत नाही.

सुश्रुताचार्यांनी योग्यासूत्रीय अध्यायात शास्त्र शिकलेल्या शिष्यालाही कोहळा, भोपळा यांवर छेदनाचा अभ्यास करावयास लावले, त्यामागील तत्त्व हेच आहे.

व्यवहारात काय करावे

वैद्यांसाठी :
1. द्रव्याविषयी समूहात विचारताना स्थळ, ऋतू, ओले की सुके हे कळवावे. पानाच्या दोन्ही बाजू, मोजपट्टीसह कांड, आडवा छेद आणि उपलब्ध असल्यास फूल-फळ यांची स्वतंत्र छायाचित्रे द्यावीत.
2. उत्तर देणाऱ्याने आधार सांगावा : ग्रंथाचे स्थान व अध्याय, अथवा स्वतः पाहिलेले रुग्ण किती. आधार नसल्यास ‘ऐकीव’ असे स्पष्ट लिहावे.
3. समूहातील उत्तर हा तर्क समजावा, निर्णय नव्हे. प्रत्यक्ष द्रव्य द्रव्यगुणाच्या अध्यापकास वा वनस्पतितज्ज्ञास दाखविल्यावाचून रुग्णास देऊ नये.
4. गुळवेल दीर्घकाळ देताना यकृतविकाराचा पूर्वेतिहास विचारावा; अरुची, कावीळ, मूत्राचा गडद वर्ण दिसताच औषध थांबवून तपासणी करवावी.

औषधनिर्माते व विक्रेत्यांसाठी :
1. पुरवठादाराने पाठविलेल्या चित्रावर माल स्वीकारू नये. प्रत्येक खेपेचे फार्माकोपियातील निकषांनुसार बाह्य व सूक्ष्मदर्शीय परीक्षण करवून खेपेचा नमुना क्रमांकासह जपून ठेवावा.
2. चूर्ण विकत घेण्यापेक्षा कांडाचे तुकडे घ्यावेत. चूर्णात उघड्या डोळ्यांना ओळख पटत नाही.
3. अनिष्ट परिणामाची तक्रार आल्यास आयुष औषधांच्या फार्माकोव्हिजिलन्स केंद्राकडे कळवावी. नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान हे त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. नोंद करणे म्हणजे औषधाची बदनामी करणे नव्हे. नमुना व नोंद दोन्ही हाती असतील, तरच उद्या आरोपाला उत्तर देता येईल.

नवे साधन टाकून द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. ग्रंथसंदर्भ, तज्ज्ञांचा परिचय आणि शंकेची पहिली दिशा यांसाठी त्याचा भरपूर उपयोग करावा. रानातील गुराखीही वनस्पतीचे नाव व रूप जाणतो, परंतु तेवढ्याने तो वैद्य होत नाही, असे चरकाचार्यांनी सांगितले आहे. पडद्यावर नाव व रूप पाहणाऱ्यालाही हेच लागू आहे. आपल्या भागातील चार वैद्य व एखादा औषधनिर्माता यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून एकेक द्रव्य हाताळावे, कापावे, चाखावे. आरंभ गुळवेलीपासूनच करावा, अशी आमची सूचना आहे.