छोटा रणगाडा

मुलांनो, चौसाळ्याच्या काळ्या रानातून परतलेली बैलगाडी तुम्ही निरखून पाहिली आहे काय? चाकांना चिखल दाट माखलेला असतो. वर साटीवर नुसती धूळ बसलेली असते. रेझिनचा छोटा रणगाडा रंगविणारा कारागीर हेच ध्यानी धरतो. पस्तीसपट लहान अशा या प्रतिकृतीत पावणेसहा फुटी सैनिक जेमतेम 5 सेंटिमीटर भरतो. मग धूळही तितकीच सूक्ष्म नको काय? रेझिन प्रथम साबणाने धुवावे, एरवी त्याच्या तेलकट पृष्ठावर रंग धरत नाही. अस्तर व हिरवा रंग वाळले, की बूट घासतात तेथे रंग झिजलेला दाखवावा. पाणी साचते तेथे गंज. अहिल्यानगरला 1994 साली स्थापन झालेल्या संग्रहालयात खरे रणगाडे आहेत. आकार त्यांवरून शिकावा; परंतु ते धुऊनपुसून ठेवलेले! चिखल पाहण्यास बैलगाडीकडेच परतावे लागते.