उपवास, पारणे आणि शरीराची शिल्लक

लंघन हे मोठे औषध आहे, असे आपल्याकडे पूर्वापार मानले गेले आहे. चरकसंहितेत चिकित्सेचे जे सहा उपक्रम सांगितले आहेत, त्यांत पहिला मान लंघनाचा आहे. आपल्या समाजात तर उपवासाची परंपरा घरोघरी नांदते. एकासन, आयंबिल, बेला, तेला, अठ्ठाई ही नावे आपल्या मुलांनाही तोंडपाठ असतात. परंतु अन्न बंद झाल्यावर शरीरात नेमके काय घडते, याचा विचार करणारे मात्र थोडे. धार्मिक उपवासाचा हेतू कर्मनिर्जरा हा आहे व त्याविषयी बोलण्याचा अधिकार साधुसाध्वींचा. प्रस्तुत लेखात आम्ही केवळ आरोग्यासाठी केल्या जाणाऱ्या उपवासाचा विचार करणार आहोत. तथापि शरीराचे नियम सर्वांस सारखेच असल्यामुळे व्रत करणाऱ्या बंधु-भगिनींनाही यातील काही गोष्टी उपयोगी पडतील.

आमचे आयुष्य धान्याच्या घाऊक व्यापारात गेले व शिक्षण मॅट्रिकपुरतेच झाले. त्यामुळे विषय मांडताना आम्हांस वखारीचीच भाषा सुचते. ती वाचकांनी गोड मानून घ्यावी.

शरीराची तीन कोठारे

शरीराजवळ तीन प्रकारची शिल्लक असते. पहिली म्हणजे गल्ल्यातील रोकड. यकृतात सुमारे १०० ग्रॅम व स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली असते. पैकी यकृतातील साखर रक्तात उतरून सर्व शरीरास मिळते. स्नायूंतील साखर ज्या त्या स्नायूच्याच कामी येते. दुसरी शिल्लक चरबीची. ही वखारीत रचलेली थप्पी होय. शरीरातील एक किलो चरबी सुमारे ७,७०० कॅलरी पुरवते. म्हणजे सामान्य बांध्याच्या माणसाजवळही कित्येक आठवड्यांचे इंधन असते. तिसरी शिल्लक प्रथिनांची, म्हणजे स्नायूंची व हृदयासारख्या अवयवांची. खरे पाहता ही शिल्लक नव्हेच. ते दुकानाचे खांब आणि तुळया आहेत. अडचणीच्या वेळी तुळई फोडून चूल पेटवता येते, पण मग छप्पर कशावर उभे राहणार?

उपवासाचा जमाखर्च

एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम साखर लागते. त्यामुळे यकृतातील रोकड साधारणपणे एका दिवसात संपत येते. रक्तातील इन्सुलिन उतरते व चरबीची थप्पी उघडली जाते. परंतु चरबीपासून मेंदूला लागणारी साखर फारशी बनत नाही. म्हणून पहिल्या काही दिवसांत शरीर प्रथिने मोडून साखर तयार करते. हा खर्च दिवसाला सुमारे ७५ ग्रॅम प्रथिनांचा, म्हणजे अदमासे ३०० ग्रॅम स्नायूंचा असतो.

हाच वेग कायम राहिला असता, तर माणूस दोन-तीन आठवड्यांहून अधिक तगला नसता. पण निसर्गाने सोय केली आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून यकृत चरबीपासून कीटोन नावाचे पदार्थ मोठ्या प्रमाणावर बनवू लागते आणि मेंदू हळूहळू त्यांवर चालावयास शिकतो. तोंडाला येणारा विशिष्ट वास व मंदावलेली भूक ही याचीच लक्षणे. अमेरिकेतील बॉस्टन येथे डॉ. जॉर्ज केहिल व त्यांचे सहकारी यांनी पाच-सहा आठवडे उपवास केलेल्या स्थूल रुग्णांची तपासणी केली, आणि १९६७ साली असे दाखवून दिले की, दीर्घ उपवासात मेंदूची निम्म्याहून अधिक गरज कीटोनवर भागते. त्यामुळे प्रथिनांचा रोजचा खर्च पुढे २० ग्रॅमच्या आसपास उतरतो. तुळया फोडण्याचे काम पुष्कळ कमी होते, मात्र पूर्णपणे थांबत नाही.

पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते, त्याने पुष्कळांना आनंद होतो. परंतु त्यात मोठा भाग पाण्याचा असतो. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. शिवाय इन्सुलिन उतरल्यामुळे मूत्रावाटे मीठ व पाणी बाहेर पडते. नव्या हंगामाचा ओला माल वखारीत वाळला की वजनात घट येते. तेवढ्याने दाणा कमी झाला असे कोणी म्हणत नाही. उपवासातील पहिल्या चार-पाच किलोंकडे याच दृष्टीने पाहावे.

नफ्याची बाजू

उपवासाचे फायदे काल्पनिक नाहीत. मीठ व पाणी कमी झाल्याने रक्तदाब उतरतो. रक्तातील साखर व यकृतावरील चरबी कमी होते. जर्मनीतील बोडेन सरोवराकाठच्या एका उपवास-चिकित्सालयात चार ते एकवीस दिवस उपवास केलेल्या १,४२२ व्यक्तींची माहिती २०१९ साली प्रसिद्ध झाली. वजन, रक्तदाब व रक्तशर्करा या तिन्हींत सुधारणा आढळली. मात्र हे उपवास कोरडे नव्हते. रोज २०० ते २५० कॅलरींचे रस व भाज्यांचे कढण दिले जाई आणि डॉक्टरांची देखरेख होती, हे विसरता कामा नये.

त्याहून बोधप्रद उदाहरण नॉर्वेचे आहे. तेथे १९९१ साली संधिवाताच्या रुग्णांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रुग्णांनी सात ते दहा दिवस उपवास केला आणि नंतर वर्षभर शाकाहार पाळला. सांध्यांची सूज व वेदना कमी झाली व वर्षअखेरीसही गुण टिकून होता. उपवासानंतर पुन्हा पूर्वीचाच आहार घेणाऱ्यांचे दुखणे मात्र बहुधा परत येते, असा अनुभव आहे. नफा उपवासाने मिळवला खरा, पण तो राखला नंतरच्या ताटाने.

पेशी आपल्यातील जीर्ण भाग मोडून त्यांचा पुन्हा उपयोग करतात, या क्रियेच्या संशोधनाबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांस २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून ‘अमुक तासांच्या उपवासाने शरीर आतून स्वच्छ होते’ अशी वाक्ये सर्वत्र ऐकू येतात. ओसुमींचे मूळ कार्य किण्वाच्या पेशींवरील होते. माणसात किती तासांच्या उपवासाने ही क्रिया किती वाढते, याचा पक्का हिशेब अद्याप शास्त्राजवळ नाही. कच्च्या पावतीवर पक्का माल कोणी उचलू नये.

तोट्याची बाजू

स्कॉटलंडमधील डंडी येथे अँगस बार्बिएरी या २०७ किलो वजनाच्या तरुणाने १९६५-६६ साली डॉक्टरांच्या देखरेखीखाली ३८२ दिवस उपवास केला आणि त्याचे वजन ८२ किलोंवर आले. ही गोष्ट पुष्कळजण उत्साहाने सांगतात. त्याला जीवनसत्त्वे व क्षार दिले जात होते आणि त्याचे रक्त वारंवार तपासले जात होते, हे सांगावयाचे राहून जाते. त्याच दशकात स्थूलतेवर अशा दीर्घ उपवासाचा उपचार घेणारे काही रुग्ण रुग्णालयांतच हृदयविकाराने दगावले, आणि ही पद्धती मागे पडली.

आपल्या कुटुंबांपुरते बोलावयाचे तर सर्वांत मोठी काळजी मधुमेहाची आहे. इन्सुलिन अथवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याने नेहमीची मात्रा घेऊन उपवास केला, तर साखर एकाएकी उतरून शुद्ध हरपू शकते. उलट, लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्याने ते सर्वस्वी बंद केले, तर तेही प्राणावर बेतते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तात उपवासात आम्ल साचण्याचा धोका असतो, आणि साखर फारशी वाढलेली नसल्याने तो लवकर ओळखू येत नाही. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर उठताना घेरी येऊन पडण्याची भीती असते. उपवासात यूरिक आम्ल वाढते. म्हणून ज्यांना गाऊटचा त्रास आहे, त्यांचा सांधा उसळतो. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या माता, वाढीच्या वयातील मुले, मूत्रपिंड वा हृदयाचे रुग्ण, क्षयरोगी आणि आधीच कृश असलेले वृद्ध यांनी आरोग्याच्या नावाखाली दीर्घ उपवास करू नये. ज्याची वखार रिकामी आहे, त्याच्या तुळयाच जळणार.

पारण्याचे शास्त्र

इतके सर्व सांगून आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दीर्घ उपवासात धोक्याचा काळ केवळ उपवासाचा नसतो. तो पारण्याचाही असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छावण्यांतून सुटलेल्या, उपासमारीने खंगलेल्या लोकांपुढे एकदम भरपूर अन्न आले, तेव्हा त्यांतील काहीजण अन्न मिळाल्यानंतर दगावले. कारण पुढे उलगडले. उपवासात शरीरातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम हे क्षार झिजलेले असतात. एकदम गोड वा पिठूळ अन्न पोटात गेले की इन्सुलिन उसळते आणि रक्तात उरलेले हे क्षार पेशींत ओढून घेते. रक्तातील पातळी कोसळली की हृदयाचे ठोके बिघडतात, श्वास कष्टाने चालतो, अंगावर सूज येते. साखर पचवताना ब-१ जीवनसत्त्वही खर्ची पडते. तेही आधीच तुटपुंजे असते.

म्हणूनच पाच दिवसांहून अधिक काळ अन्न न घेतलेल्याला पहिले दोन दिवस त्याच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक अन्न देऊ नये, असा आजच्या वैद्यकाचा दंडक आहे. दहा दिवसांच्या पुढील उपवासात तर रक्ततपासणीवाचून पारणे करूच नये. आयुर्वेदानेही शोधनानंतर प्रथम पेया, मग विलेपी, मग मुगाचे यूष असा क्रम घालून दिला आहे. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये फेब्रुवारी १९४३ मध्ये आरंभलेला २१ दिवसांचा उपवास गांधीजींनी संत्र्याच्या रसाने सोडला, पंचपक्वान्नांनी नव्हे.

आणि आपल्याकडे काय होते? अठ्ठाई पुरी झाली की आप्तेष्ट जमतात, कौतुकाने घास भरवतात. शिरा, बासुंदी, लाडू समोर येतात. प्रेम खरे असते, पण त्या घटकेला पोटाला प्रेम मुगाच्या पाण्याच्या रूपाने हवे असते. धान्याचा व्यापारी म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. पांढराशुभ्र पॉलिश केलेला तांदूळ दिसावयास देखणा असला, तरी त्याचे ब-१ जीवनसत्त्व बरेचसे गिरणीतच कोंड्याबरोबर निघून गेलेले असते. म्हणून केवळ भाताची पेज न देता तीत मूग असावा. पहिल्या दिवशी मुगाचे पाणी व पातळ पेज थोडी थोडी, चार-पाच वेळा. दुसऱ्या दिवशी किंचित दाट. नंतर मऊ खिचडी, शिजवलेली भाजी, पातळ ताक. मिष्टान्न सर्वांत शेवटी. उपवासाच्या दिवसांच्या निम्मे दिवस तरी पारण्यास द्यावेत, हा निसर्गोपचारातील संकेत ध्यानी ठेवण्याजोगा आहे. या काळात छातीत धडधड, धाप, पायांवर सूज किंवा भ्रम जाणवल्यास ‘अशक्तपणा आहे’ म्हणून स्वस्थ न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

विनंती

उपचारासाठी उपवास करणारा माणूस डॉक्टरांनी सांगितले की थांबतो. व्रत करणाऱ्याचे तसे नसते. एकदा नियम अथवा पच्चक्खाण घेतले की ते मोडणे जिवावर येते, आणि मग घरातील मंडळीही बोलावयास कचरतात. म्हणून वैद्याचा सल्ला पच्चक्खाण घेण्यापूर्वी घ्यावा, नंतर नव्हे. कोणत्या गोळ्या बंद करावयाच्या, कोणत्या निम्म्या करावयाच्या आणि पारणे कसे करावयाचे, हे पहिल्या दिवसाआधीच कागदावर लिहून ठेवावे. शरीर परवानगी देत नसेल, तर तपाची वाट बंद होत नाही. एकासन आहे, आयंबिल आहे, रसत्याग आहे. मात्र तेथेही गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. आणि दोन घास कमी खाण्याचे ऊनोदरी तप तर वर्षाचे बाराही महिने करता येते. पर्वाचे आठ-दहा दिवस उपाशी राहून उरलेले वर्ष फरसाण व मिठाईवर काढणाऱ्यापेक्षा रोज दोन घास राखून उठणारा माणूस अखेरीस अधिक शिल्लक बाळगून असतो, असे आमचे नम्र मत आहे.