खेकड्याच्या देहातील बांडगूळ

आंब्यावरील बांडगूळ तुम्ही पाहिले असेल. समुद्रातही असाच एक परोपजीवी प्राणी आहे. त्याचे नाव सॅक्युलिना. खडकांना व होड्यांच्या तळांना चिकटून राहणाऱ्या बार्नेकलांचा हा भाऊबंद. परंतु याला ना कवच, ना पाय. केवळ बालरूपावरून हे नाते ओळखू येते.

युरोपच्या किनाऱ्यावरील हिरव्या खेकड्याच्या अंगावर याची पोहणारी मादी-अळी बसते आणि आपल्या काही पेशी त्याच्या शरीरात सोडते. त्यांपासून मुळांसारखे तंतू फुटून सर्वांगात पसरतात व त्याचे अन्न शोषून घेतात. खेकडा लगेच मरत नाही. मात्र त्याची वाढ खुंटते, तो वंध्य होतो. पुढे त्याच्या पोटाखाली सॅक्युलिनाच्या अंड्यांची पिशवी बाहेर येते. जणू ती आपलीच अंडी, अशा मायेने खेकडा तिला स्वच्छ राखतो. नरदेखील मादीप्रमाणे हे काम करतो! ज्याने वंश खुंटविला, त्याच्याच संततीचा तो असा रक्षक बनतो.