केबल टायचा बंध : कोठे बांधावा, कोठे बांधू नये

शेतीच्या कामात बांधणीचे काम पेरणी-कापणीइतकेच जुने आहे. भाताची पेंढी भाताच्याच काडीने, सरपणाची मोळी वेलीने आणि मांडवाचा बांबू काथ्याने बांधण्याची रीत पालघर जिल्ह्यात पूर्वापार चालत आली आहे. अलीकडे या साधनांत नायलॉनच्या दातेरी पट्टीची भर पडली आहे. पालघर किंवा बोईसर येथील हार्डवेअरच्या दुकानात ती 'केबल टाय' या नावाने मिळते. ही पट्टी स्वस्त असून क्षणात बांधून होते. त्यामुळे शेतकरी बांधव तिचा उपयोग हरएक कामी करू लागले आहेत. काही ठिकाणी तो फायद्याचा ठरतो, तर काही ठिकाणी त्यापासून मोठे नुकसान होते. हा भेद नीट समजावा, यास्तव हा पाठ लिहिला आहे.

पट्टीचा मूळ गुण

अमेरिकेतील थॉमस अँड बेट्स या कंपनीचे मॉरस लोगन यांनी विमानातील विजेच्या तारांचे जुडगे बांधण्याकरिता १९५८ साली ही पट्टी तयार केली. पट्टीच्या एका बाजूस दाते असतात व टोकाच्या डोक्यात एक लहान जीभ असते. शेपूट डोक्यातून ओढले की जीभ दात्यांत अडकते. पट्टी पुढे सरकते, परंतु मागे येत नाही. म्हणजेच हा बंध आवळता येतो, पण आपण होऊन सैल होत नाही. तारांचे जुडगे वाढत नाही आणि आकसतही नाही, म्हणून तेथे हा बंध उत्तम चालतो. शेतातील पुष्कळशा वस्तू मात्र बांधल्यानंतर वाढतात किंवा आकसतात. सबब, बंध निवडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : बांधल्यानंतर या वस्तूचे काय होणार आहे?

कोठे बांधावी

जी वस्तू आहे तशीच राहते, तिला पट्टी योग्य होय. ठिबक सिंचनाच्या नळ्यांची वेटोळी, शेडनेटच्या गुंडाळ्या, पी.व्ही.सी. पाइपांचे गठ्ठे, लोखंडी खांबावरील जाळी ही त्याची उदाहरणे. पावसाळ्यापूर्वी हे साहित्य आवरून ठेवताना पट्टी फार उपयोगी पडते. तौक्ते चक्रीवादळ १७ मे २०२१ रोजी या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले, त्या वेळी सोसाट्याच्या वाऱ्याने आपल्या जिल्ह्यातही घरांचे व बागांचे नुकसान झाले. मोकळे पडलेले साहित्य अशा वाऱ्यात उडून दुसऱ्यास इजा करते, हे ध्यानी ठेवावे.

मोठ्या गठ्ठ्याकरिता लांब पट्टी नसल्यास लहान पट्ट्या जोडाव्यात. एकीचे शेपूट दुसरीच्या डोक्यात ओवून थोडे ओढले की दोन्ही जोडल्या जातात. प्रथम गठ्ठ्याभोवती सुतळी फिरवून घेर मोजावा. समजा, घेर ९४ सेंटिमीटर आहे. ३० सेंटिमीटरच्या चार पट्ट्यांची एकूण लांबी १२० सेंटिमीटर होते. शेवटची गाठ धरून चार ठिकाणी प्रत्येकी सुमारे ४ सेंटिमीटर खर्ची पडले, तरी १०४ सेंटिमीटर उरतात व ओढण्यास पुरेसे शेपूट मिळते. जोडल्याने पट्टीची लांबी वाढते, ताकद वाढत नाही. २० फुटी पाइपांच्या गठ्ठ्यास निदान तीन ठिकाणी बंध द्यावेत : दोन्ही टोकांपासून सुमारे हातभर आत एकेक व मध्यभागी एक.

कोठे बांधू नये

१. वाढत्या झाडास. डहाणू-घोलवडचा चिकू प्रसिद्ध असून त्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अशाच एका बागेत लेखकाने पाहिले की, नवीन कलमे काठीला या पट्टीने बांधली होती आणि दोन वर्षांनी पट्टी सालीत रुतून बसली होती. पानांनी तयार केलेले अन्न सालीतूनच मुळांकडे उतरते. ती वाट बंद झाल्याने पट्टीच्या वरचा भाग फुगला, मुळे उपाशी राहिली आणि वाऱ्यात काही कलमे नेमकी त्याच जागी मोडली. दोन वर्षांची मेहनत दोन रुपयांच्या पट्टीपायी गेली. कलमास सुतळीचा अथवा जुन्या सुती कापडाचा सैल बंध इंग्रजी आठच्या आकड्यासारखा द्यावा व तो वेळोवेळी तपासावा.

२. ओल्या बांबूस. कारली, दुधी यांच्या मांडवासाठी ताजा बांबू वापरल्यास तो वाळताना आकसतो. पट्टी मात्र तेवढीच राहते आणि सांधा खिळखिळा होतो. तेथे काथ्याच बरा. तो सैल झाला तर सोडून पुन्हा आवळता येतो.

३. वैरणीस. पेंढ्याच्या किंवा गवताच्या भाऱ्यास पट्टी कदापि बांधू नये. कापलेला तुकडा वैरणीत राहिला तर तो जनावराच्या पोटात जातो. तेथे तो पचत नाही व साचून राहिल्यास जनावर दगावण्याचा धोका असतो.

४. वाहनावरील किंवा टांगत्या भारास. साधारणपणे ४.८ मिलिमीटर रुंदीची पट्टी सुमारे २२ किलो व ७.६ मिलिमीटरची सुमारे ५५ किलो ताण सोसते. परंतु टेम्पोच्या हिसक्याने हा ताण कितीतरी वाढतो. तेथे दोरखंडच वापरावा.

आणखी काही सूचना

उन्हातील कामास काळी पट्टी घ्यावी. तिच्यात काजळीचा अंश असल्याने ती उन्हात अधिक टिकते. पांढरी पट्टी उन्हाने ठिसूळ होते. उरलेले शेपूट डोक्यालगत सपाट कापावे, तिरपे राहिलेले टोक हात चिरते. कापलेले तुकडे पिशवीत गोळा करावेत. ते जाळू नयेत, कारण त्यांचा धूर विषारी असतो. ओहोळातही टाकू नयेत.

गावात दाखविण्याजोगा प्रयोग

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सभेत एका ओल्या बांबूच्या तुकड्यांची जुडी व एका पाइपांची जुडी सारख्याच पट्ट्यांनी घट्ट बांधून सावलीत ठेवावी. काही आठवड्यांनी बांबू वाळल्यावर त्याच मंडळींसमोर दोन्ही हलवून दाखवाव्यात. पाइप जागचे हलणार नाहीत, बांबू मात्र बोटाने हलतील. त्यानंतर सर्वांनी मिळून जवळच्या बागेत फेरी मारावी व कलमांना बांधलेल्या पट्ट्या शोधून, सालीस धक्का न लावता कापून काढाव्यात. हे काम पावसाळ्यापूर्वीच उरकावे. रुतलेली पट्टी वेळीच निघाली तर बरीचशी कलमे वाचू शकतात.